कुंचला सुटत नाही

पिलार, सोमवार, ८ एप्रिल
नोकरी लागली! नोटरी दोन लिओन्सिओंची कचेरी (इथे नावाआधीचं 'दोन' म्हणजे साहेब, आकडा नव्हे), नदीपासून दोन गल्ल्या. खिडकीपाशी माझी खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि सकाळी दहाला थंडगार तेरेरेचा पेला सगळ्यांत फिरतो. शिपाई ओर्तेयादो तो भरता भरता गावभरच्या भानगडी सांगतो. माझ्याआधी या खुर्चीवर तीस वर्षं न्या पेर्पेतुआ होत्या. सगळे त्यांना आदराने न्याच, म्हणजे बाईच, म्हणत. जानेवारीत वारल्या. इथली एक रीतही शिकले: मेलेल्याचं नाव दस्तात तिरक्या अक्षरांत, काळ्या चौकटीत.

मंगळवार, ९ एप्रिल
आज हुशारी दाखवली! एका घराचा कागदी दस्त पुरात गेला, म्हणून कंप्युटरवरून काढलेली प्रत शुक्रवारी कोर्टात द्यायची आहे. टाइप न्या पेर्पेतुआंनीच केलेला. मधल्या दोन ओळी मात्र बारीक, जुनाट वळणाच्या. दोन लिओन्सिओ म्हणाले, "म्हातारीला दिसत नव्हतं गं पोरी. सगळं एकसारखं करून टाक." एकेक अक्षर कोण बदलत बसणार? वरच्या ओळीत कर्सर ठेवला, कुंचल्याचं बटण दाबलं, त्या दोन ओळींवरून फिरवलं. शब्द तेच, रूप वरच्या ओळीचं! बटण दोनदा दाबलं तर एस्केप दाबेपर्यंत कुंचला सुटतच नाही, हेही ओर्तेयादोला करून दाखवलं. "अगं बाई, हा तर जादूटोणा!" म्हणाला. दोन लिओन्सिओंनी नोकरी तिथल्या तिथे पक्की केली.

बुधवार, १० एप्रिल
न्या पेर्पेतुआंची मुलगी सिमेओना आली होती. तिने सांगितलं, ते घर तिच्या आईचंच. दस्त नुसता भाड्याचा होता. सही झाल्यावर दोन लिओन्सिओंनी त्यात दोन ओळी घालून घेतल्या आणि घर त्यांच्या भाच्याला विकल्याचं झालं. त्या ओळी नोकरीच्या धाकाने न्या पेर्पेतुआंनाच टाइप कराव्या लागल्या. त्यांनी मुद्दाम वेगळ्या अक्षरात केल्या, कुणाला तरी दिसावं म्हणून. कोर्टात सिमेओनाकडे एवढाच पुरावा होता.

तशा ओळी मी पाहिल्याच नाहीत, असं मी सांगितलं. तोंडावर. लाज वाटली, पण पक्की नोकरी कोण सोडतं? जाताना ती म्हणाली, "आई फार डूख धरायची हो. सख्ख्या बहिणीशी चौदा वर्षं बोलली नाही."

गुरुवार, ११ एप्रिल, सकाळ
दस्त उघडला. शेवटी साक्षीदार ओर्तेयादोचं नाव तिरकं, काळ्या चौकटीत. वरचं घरमालकीण न्या पेर्पेतुआंचं तर रीतीप्रमाणे आधीपासूनच तसं. चुकून झालं असेल म्हणून सरळ केलं. पुन्हा तिरकं. दहा वाजले तरी पेला फिरला नाही. ओर्तेयादो घरी अंगणात मरून पडला होता. तो साक्षीला नव्हताच, नाव नुसतं दिलं होतं, असं त्याची बायको रडत रडत सांगत होती.

दुपार
कर्सरचा कुंचला झालाय. मी बटण दाबलेलं नाही. एस्केप दाबलं, वीस वेळा— सुटत नाही. मी बघत असताना तो दोन लिओन्सिओंच्या नावावरून फिरला. सावकाश, चवीने. ते आतल्या खोलीत झोपले होते. हाक मारायला हवी होती. मारली नाही. खरं लिहिते, बरं वाटलं. 'पोरी' म्हणाले होते मला, आणि पाप माझ्या हातून करवून घेतलं.

चारला त्यांचं प्रेत उचलून नेलं.

शुक्रवार, १२ एप्रिल
कचेरीतल्यांपैकी एकच नाव उरलंय. सगळ्यात खाली. प्रत तयार करणार: ग्रिसेल्दा बारेइरो.

मशीन बंद केली. पडदा तसाच उजळलेला— वायर माझ्या हातात आहे—

हे पान सिमेओनाला द्या. कोर्टात दाखवा. मी शपथेवर लिहिते: त्या दोन ओळी वेगळ्या अक्षरात होत्या. मी त्या एकसारख्या केल्या. विचारल्यावर खोटं बोलले. घर सिमेओनाचं आहे. खाली माझी सही.
ग्रिसेल्दा बारेइरो

लिहिलं, न्या पेर्पेतुआ. सगळं लिहिलं, सहीसुद्धा केली. आता तरी सोडा ना— मी नवीन होते, मला माहीत नव्हतं— नाही, बुधवारी माहीत होतं— कुंचला माझ्या नावापाशी थांबलाय. थांबलाच आहे. ऐकलं वाटतं त्यांनी— नाही— पहिलं अक्षर तिर