कळशीवाला फोटो

३ फेब्रुवारी १९७४, सकाळी
आजपासून नियम. फोटो काढल्यावर त्याला कात्री नाही. चौकटीत आलं ते आलं. कडा कापून फोटो सुधारणं म्हणजे परीक्षेत कॉपी. राजारामपुरीतल्या स्टुडिओवाल्या निसारभाईंना हे ऐकवलं. म्हणाले, "मास्तर, आधी सैल घ्यायचं, मागनं कापायचं की." धंदेवाईक माणूस. वाद घातला नाही.

१० फेब्रुवारी
नंदिनीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, स्थळाकडे पाठवायचा फोटो. माई तिला निसारभाईंकडे नेणार होती. घरात कलावंत असताना पोरीला पडद्यापुढे कुंडीशेजारी उभं करायचं? मी आडवा आलो. परसात नळापाशी काढला. नंदिनी डावीकडे, उजवीकडे मोकळी जागा. तेवढ्यात शेजारच्या अंबूबाईंची भाची सुमन त्या जागेत कळशी घेऊन आली आणि हसली. क्लिक! नशीब लागतं.

१५ फेब्रुवारी
प्रिंट आली. अप्रतिम. माई म्हणाली, "त्या सुमीला काप की रं. पावण्यास्नी कसं कळायचं नवरी कुठली?" कळशीशिवाय चित्राचा तोल जातो, हे तिला तीनदा सांगितलं. मग म्हणे, निदान नंदीवर पेनानं फुली मार. कलाकृतीवर फुली!
नंदिनीनं फक्त विचारलं, "दादा, फोटो माझाच हाय न्हवं?" कॉम्पोझिशन कळणारं घरात कोणी नाही.
पिराजीमामांच्या हाती गारगोटीला पाठवला. मुलगा बँकेत आहे.

२ मार्च
पिराजीमामा आले. फोटो पसंत! पेढे आणायला चप्पल घातली, तर म्हणाले, "थांब जरा." पसंत आहे ती कळशीवाली. "पोरगी कामाची दिसती, म्हणत्यात."
डोकं फिरलं. जेवलो नाही. दोष संपूर्णपणे गारगोटीकरांचा. माणसांना फोटो बघायला शिकवलं पाहिजे.

४ मार्च
नंदिनी बोलत नाही. चहा माईच्या हातून येतो. काल स्वयंपाकघरात रडत होती. फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून तत्त्व सोडायचं का? अंबूबाई सुमनचं जमल्याचे पेढे देऊन गेल्या. खाल्ला नाही. अर्धाच खाल्ला.

१७ मार्च
निगेटिव्ह सापडत नाही. या घरात कलेची किंमत नाही.

२४ मार्च
सापडली. माईनं ती निसारभाईंना दिली होती! त्यांनी नळ, कळशी, सुमन सगळं उडवून नंदिनीचा नुसता चेहरा मोठा केला. माझ्या परवानगीशिवाय! प्रिंट कबनूरच्या स्थळाकडे गेलीसुद्धा. दुसरी प्रत माईनं दाखवली. बराच वेळ बघत बसलो. नंदी अशी दिसते हे मला माहीतच नव्हतं.
अर्थात, काढला मीच.

७ एप्रिल
कबनूरचं जमलं! घरचे माग आहेत, माणसं मोकळी. व्याह्यांनी विचारलं, फोटो कुणी काढला? माई म्हणाली, "निसारभाईंनी." मी पुरावा म्हणून कळशीवाला फोटो खिशातून काढायला लागलो. नंदिनीनं दारातून माझ्याकडं असं बघितलं की हात खिशातच राहिला.

१२ मे, संध्याकाळी
लग्न झालं. फोटो निसारभाईंनीच काढले; मी हातात कॅमेरा धरायचा नाही, अशी नंदिनीची अट. ग्रुप फोटोत मी मुद्दाम अगदी कडेला उभा राहिलो, डावी बाजू रिकामी वाटत होती म्हणून. तेवढा तरी तोल माझ्यामुळं आला.

२० मे
ग्रुप फोटो फ्रेम होऊन आला. माई खूश. नंदी मधोमध, सगळे ठसठशीत. निसारभाई म्हणाले, "कडा जरा काढल्या मास्तर, फ्रेमात बसंना."
माहेरी आलेली नंदिनी भिंतीपाशी उभी राहून फोटो बघत होती. अडीच महिन्यांनी आपणहून माझ्याशी बोलली. म्हणाली, "दादा, फोटोच्या टायमाला तू कुठं गेलतास रं?"
मी जवळ जाऊन कडेला बोट ठेवलं आणि तिला माझं कोपर दाखवलं.