नागपुर लाइन पर है

आई,

काल दुपारी मी फोनवर एकच गोष्ट शोधली: छातीतली गाठ दुखत नसली तर काय समजायचं. कोणाले बोलली नव्हती. सोनोग्राफी होऊ दे, मग पोरीले सांगू, असं ठरवलं होतं. पण तिनंच घरचा टीव्ही माझ्या फोनच्या खात्याशी जोडून ठेवला आहे. संध्याकाळी ती गाणी लावून बसली, अन् गाण्याआधी कॅन्सरच्या दवाखान्याची जाहिरात आली. मग दुसरी, मग तिसरी. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मम्मी, आपने क्या सर्च किया?" मले रडूच आलं. माझ्या तोंडानं, माझ्या वेळेवर सांगायचं होतं मले. त्या मेल्या डब्यानं तेवढंही राहू दिलं नाही.

तेव्हापासून तुझीच आठवण येऊन राहिली. आपलं वेगळं राज्य झालं, आपलं रायपूर राजधानी झालं, अन् त्याच साली तू गेली. त्याआधी सारी नोकरी तू टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. अख्ख्या शहराचं बोलणं तुझ्या कानावरून जाय. शेजारच्या काकू चहाले बसून खोदून खोदून विचारत, अन् तू म्हणे, "कान तिथंच हेडफोनसंगं टांगून येतो बापा आम्ही." मी एकदा पंडरी बाजारातल्या कोण्या सेठचं विचारलं, तर केवढी रागावली. "लोकायच्या पोटातलं आहे ते. काहून पाहिजे तुले?"

अन् तो दिवस. तुझी सकाळची ड्युटी संपली असं धरून मी मैत्रिणीच्या घरून माझं प्रेम होतं त्या पोराले नागपूरचा कॉल लावला. तू कोणाच्या तरी बदल्यात थांबली होती. "नागपुर लाइन पर है, बात कीजिए." तुझाच आवाज. जन्मात एकदाच तू मले असं आप म्हणून बोलली. तो म्हणाला, घरच्यांनी लग्न दुसरीकडे ठरवलं, मले विसरून जाय. किती ऐकलं तू, माहीत नाही. घरी आली, पदर खोचला, अन् सणवार नसताना बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला. माझ्या ताटात दोन वड्या जास्त. विचारलं काहीच नाही.

तुले कळलं तर तू पाटोडी केली. या डब्याले कळलं तर यानं दवाखाना विकायले काढला. राग जात नाही माझा.

पोरगी मात्र काल टीव्ही बंद करून माझ्याजवळ सरकली. "मैं साथ चलूँगी ना," म्हणाली. उद्या सोनोग्राफीले दोघी जाऊन राहिलो. तिचा हात धरून बसली तेव्हा किती हलकं वाटलं, काय सांगू.

एक गोष्ट तुले कधीच बोलली नाही, आई. त्या पाटोडीच्या दिवशी मी बराच वेळ तुझ्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तू विचारशील म्हणून.