वालजीभाईंचा खण

भावनगर,
२ डिसेंबर १९९८

तीर्थस्वरूप वालजीभाई यांस,
धाकट्या दुर्लभचा सा. न. वि. वि.

आपली व भाभींची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. माझा खोकला माझ्याशी एकनिष्ठ आहे. बाकी बरे.

पत्रास कारण आमची नात झरणा. आठवीत आहे. यंदा तिच्या शाळेने मुलींनाही सुतारकाम दिले आहे. प्रत्येकीने दोन महिन्यांत खण असलेली एक वस्तू करायची. ही घरी येऊन म्हणते, दादा, मला तुमच्यासारखा ढाळिया करायचाय. म्हणजे मी ज्या उतरत्या पेटीवर हे पत्र लिहितो आहे, ती. तुम्ही शाळेत असताना केलीत ना, मग मला शिकवा, असा हट्ट.

मी काय शिकवणार? सुताराच्या पोटी जन्मलो, पण बोटांत शाईच मुरली. तिला सांगू लागलो तेव्हा खांभड्याचे तुमचे अंगण आठवले. शाळेला कर्मशाळा नव्हती म्हणून मामांनी, तुमच्या वडिलांनी, स्वतःची दिली, आणि अंगठा उठवणारे मामा सातवीच्या वर्गाचे उद्योगशिक्षक झाले. मी वाचनमालेतली वडाची कविता म्हणत रंधा मारायचो. रंधा पुढे गेला की एक चरण, मागे आला की दुसरा. मामा म्हणायचे, भाणेजा, लाकूड तासतोयस की झोपवतोयस?

तर खणाच्या कोपऱ्याचा तो पारव्याच्या शेपटीसारखा सांधा कसा आखावा, ते सवडीने कळवावे.

लोभाची सावली अशीच राहू द्यावी.
आपला,
दुर्लभ


खांभडा,
११ डिसेंबर १९९८

चि. दुलास वालजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. तुझ्या भाभीने मोठ्याने वाचून दाखवले आणि पारव्याच्या शेपटीपाशी हसत बसली. चौतीस वर्षे मास्तरकी करून सुताराचा पोर सांधा कसा आखू असे विचारतो. लोकांना सांगू नकोस, माझी गिऱ्हाइके तुटतील.

पोरीला सांग, आधी शेपट्या काप, मग त्या दुसऱ्या फळीवर ठेवून टोकदार खिळ्याने रेघ ओढ. करवत रेघेच्या बाहेरून चालव. रेघ उरली पाहिजे. शेपट्या बारीक ठेव. तुझ्या असायच्या बाजरीच्या रोटल्याएवढ्या जाड. आणि खण अडला तर घाई करायची नाही. दिवसाला एकच हात रंधा, मग घालून बघायचे. एकदा तासलेले लाकूड परत चिकटवता येत नाही.

माझे गुडघे कुरकुरतात, पण काम चालू आहे. येत्या अठराला अमास, तुम्हा मास्तरांची अमावास्या. त्या दिवशी हत्यारे धुऊन, कुंकू लावून ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही, आणि मी दिवसभर ओट्यावर. गावातली पोरे मला अमासबापा म्हणतात. पाटी लावायला नको, वालजी ओट्यावर दिसला की आज सुतारांची सुट्टी हे सगळ्या गावाला कळते.

झरणा हे नाव चांगले आहे. तिला माझ्याकडून गूळ दे.
येणे-जाणे सुटले तरी माया सुटू देऊ नये.
वालजी


भावनगर,
१८ डिसेंबर १९९८, अमास

तीर्थस्वरूप वालजीभाई यांस,
दुर्लभचा सा. न. वि. वि.

आज तुम्ही ओट्यावर बसला असाल. म्हणून आजच लिहितो.

परवा झरणाचा खण अडला. तुमचा निरोप सांगितला होता, तरी तिने घाईने रंधा मारला आणि खण ढिला झाला, एक कोपराही उडाला. मी म्हटले, काळजी नको, मी बाजारातून एखादा करून आणतो. ती म्हणाली, दादा, मग तो माझा कसा? काल ती बाईंना स्वतःच सांगून आली की मी जास्त तासला. गुण कापले. घरी येऊन दोन पोळ्या जास्त जेवली.

मी ताटावरून उठलो.

वालजीभाई, एकोणपन्नास सालच्या त्या अमासेला हत्याराला हात मी लावला होता. तुम्ही नव्हे. दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला यायचे होते. ज्याचा ढाळिया उत्तम, त्याला वसतिगृहात ठेवून अध्यापक करणार होते. माझा खण अडत होता. दुपारी तुम्ही सगळे देवळात गेलात, मी पोट दुखते म्हणून पडलो. मग उठून मामांचा रंधा फडक्यातून काढला. घाईत जास्त तासला, कोपरा उडाला. तेव्हा तुमचा खण काढून माझ्या ढाळियात घातला आणि माझा तुमच्यात. मामांनी सगळ्यांना एकाच मापाने कापायला लावले होते, त्यामुळे तुमचा खण माझ्याकडे पाण्यासारखा सरकला.

सकाळी मामांनी तुमच्या ढाळियाचा खण ओढला. तेल पाजलेल्या सागावर ताज्या रंध्याचा तो पांढरा पट्टा. त्यांना विचारावेही लागले नाही. वर्गासमोर ते जे बोलले ते मला अक्षरशः पाठ आहे. कविता विसरलो, ते नाही विसरलो: “जो अमास पाळत नाही, त्याच्या हाताला माझे हत्यार लागणार नाही.”

मी तुमच्याच घरचा रोटला खात होतो. मी मान खाली घातली. वसतिगृहात गेलो, मास्तर झालो, मुलांना सत्याचे धडे शिकवले, आणि त्यांच्या वह्या तुमच्या खणात ठेवल्या.

क्षमा मागण्याइतके तोंड नाही. तरी मागतो.
आता लोभ ठेवा असे लिहायचा हक्क वाटत नाही.
दुर्लभ


खांभडा,
५ जानेवारी १९९९

चि. दुलास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. दोनदा लिहून फाडले.

मला त्याच सकाळी माहीत होते. माझा खण मी ओळखणार नाही? ती रोटल्याएवढी शेपटी बघूनच कळले. मी तुझ्याकडे पाहिले. वाटले, हा आता बोलेल. मग वाटले, संध्याकाळपर्यंत बोलेल. रात्री आईने तुझ्या रोटल्यावर तूप वाढले, आणि तू खाल्लेस. तेव्हा कळले की नाही बोलणार. मी बोललो असतो तर बापांनी तुला आणि विधवा आत्याला, तुझ्या आईला, त्याच रात्री दाराबाहेर काढले असते. त्यांचा राग तुला ठाऊक आहे.

वसतिगृहाचे मला काही नाही. वह्या तपासत मी मेलो असतो. पण दुला, बापांनी वर्षभर मला नुसती लाकडे वाहायला लावली. नंतर हत्यारे दिली, पण आजोबांचा रंधा मरेपर्यंत दिला नाही. जाताना तो प्रेमजीला दिला, परक्या कारागिराला. शेवटच्या आजारात मी पाय चेपत होतो, तेव्हासुद्धा म्हणाले, अमास पाळत जा रे. ते तसेच समजून गेले. त्याची क्षमा मी कशी देऊ? ती माझ्याजवळ नाही.

अमासबापा हे हसून लिहिले होते. ओट्यावर का बसतो, ते आता तुला सांगायला नको. माझे हात रिकामे आहेत हे लोकांना दिसावे म्हणून.

विश्वकर्मा तेरस एकोणतीस तारखेला आहे. सगळी सुतार ज्ञाती जमेल. एकोणपन्नासच्या त्या सकाळी अंगणात होती त्यांतली दोनच माणसे उरली आहेत, प्रेमजी आणि लवजीकाका. सांगायचे असेल तर त्यांच्यासमोर सांग. ढाळिया घेऊन ये. कविता नको.

भाभी विचारते आहे, तुला अजून बाजरी पचते का.
वालजी


खांभडा,
१६ फेब्रुवारी १९९९

चि. दुलास व चि. झरणास वालजीचे आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. त्या दिवशी तू उभा राहून आधी घसा खाकरलास. मला वाटले, हा आता वडाची कविता सुरू करतो. पण चारच वाक्ये बोललास. बरे झाले. लवजीकाकांना कमी ऐकू येते, म्हणून ती तुला पुन्हा ओरडून सांगावी लागली. मला खरे सांगू, ते दुसऱ्यांदा ऐकताना मला जास्त बरे वाटले.

प्रेमजीने मग मला विचारले, वालजी, तू इतकी वर्षे गप्प का राहिलास? तू गप्प राहिलास ते भीतीने. माझे काय? कधी वाटते, दयेने. कधी वाटते, तुझे ओझे उतरू नये म्हणून. बापांचे पाय चेपताना एक वाक्य बोललो असतो तर ते हलके होऊन गेले असते. तेव्हा आत्याही राहिली नव्हती. म्हणजे अमास तू मोडलीस, पण गाठ दोघांनी आवळली. हे तुलाच लिहितो आहे, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

झरणाचा ढाळिया पाहिला. शेपट्या बारीक आहेत. रक्त आमच्याकडचे दिसते.

आज सकाळी सवयीने खुर्ची ओट्यावर नेली, आणि परत आत आणली. दिवसभर आतच पडून राहिलो. दुपारी दोन पोरे डोकावून गेली, अमासबापा आजारी आहे का म्हणून. भाभीने त्यांना शेंगदाणे दिले.

तू ठेवून गेलेला माझा खण आज माझ्या ढाळियाला लावून पाहिला. तुझ्याकडे राहून मास्तरासारखा फुगला आहे. अर्धा जातो आणि अडतो. एक हात रंधा मारला की बसेल.

पण आज अमास आहे. उद्या मारीन.

वालजी