डोंगर का पाणी

सोम. ८ मे ७२, सोनई
शाळेत जाऊन आलो. म्हटलं, यंदा तरी आमच्या बेबीचं नाव घाला, नऊ वर्षं सरली. हेडमास्तर माणूस वाईट नाही. म्हणाले, "अण्णा, मंद पोर आहे, बसेल बापडी वर्गात. पण पाच पायऱ्या आहेत. रोज उचलून कोण नेणार? आपली आपण चढली तर १२ जूनला नाव घालतो."
घरचा उंबरासुद्धा ती बसून ओलांडते.

शुक्र. १२ मे
बेबीला हात धरून आमच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्याच्या दोन पायऱ्या चढवतो. ताठ होते, रडते. आज चावली. सौ. म्हणाली, "इंजिनाला हँडल मारल्यागत करताय. पोर हाय ती."
खरं आहे.

रवि. १४ मे
गल्लीतली पोरं ओट्याशी डोंगर-पाणी खेळतात. ओटा डोंगर, रस्ता पाणी. पाण्यात शिवला गेला की त्याच्यावर राज्य. शेजारची कुसुम, अकरा वर्षांची, सगळ्यांची पुढारी. तिला म्हटलं, बेबीला घ्या, पण लिंबूटिंबू ठेवा, राज्य देऊ नका. "बरं काका." बेबी मधोमध उभी, टाळ्या वाजवते. रडणं बंद. मी खूष.

गुरु. २५ मे
अकरा दिवस. पाय तसूभर वर नाही.
आज पट्टा तुटला, गिरणी बंद, तेव्हा नीट ऐकू आलं. एक बारकं पोर बेबीकडं धावलं तर कुसुम म्हणते, "तिला न्हाई शिवायचं रं, लिंबूटिंबू हाय ती." पोर वळलं. बेबी तिथंच.
जिला कोणी शिवतच नाही तिला डोंगर कशाला लागतो? चूक माझी. मीच मागून घेतलेली.
कुसुमला सांगितलं, आजपासून लिंबूटिंबू रद्द.
"पडली मंग?"
"पडू दे."
"काकू मारत्याल मला."
"आधी मला मारतील."

मंगळ. ३० मे
रोज बेबीच सापडते. राज्य आलं तर तिला धावता येत नाही, मग पोरं कंटाळून आपणच तिच्यापुढं येऊन उभी राहतात. आज कुसुम मागं लागली तशी बेबी पायरीला गेली, घसरली. भुवईला दोन टाके. सौ. माझ्याशी बोलत नाही. पट्टी बांधताना बेबी सारखी दाराकडं बघत होती. बाहेर खेळ चालू.

बुध. ७ जून
चढली. एक पाय, मग दुसरा ओढत. दोन्ही पायऱ्या. सौ. दारात होती, आत निघून गेली. रात्री ताटात गूळ होता.
एक धास्ती. मागं कोणी लागलं तरच चढते. शाळेत मागं कोण लागणार?

सोम. १२ जून
शाळेत हे.मा. वर, बेबी खाली, मी तिच्या मागं चार पावलांवर, सौ. पायऱ्यांच्या बाजूला. कुसुम आणि पोरं भिंतीशी. "ये." हलली नाही. पोरं हसली. कितीतरी वेळ. मग पाय उचलला. चौथीला थांबली. पाचवी चढली.
हे.मा. म्हणाले, "पाणी, पाणी म्हणून कोणी शिकवलं मागून? मी ऐकलं. सांगून चढवलेलं धरत नाही." कुसुमनं गळ्याची शपथ घेतली.
जात्यात खडा गेला तर मला रस्त्यावरून कळतं. ते बेबीच म्हणत होती, दर पायरीला. सांगितलं. चष्मा पुसत म्हणाले, "अण्णा, मी पायांकडं बघत होतो. हे बापाचे कान आहेत." उद्या शाळा सुटल्यावर पुन्हा. पोरं नकोत, मीही नको.
घरी सौ.ला विचारलं, तुला ऐकू आलं?
"मला कुठलं? पन व्हट हलत हुते तिचे."
बेबी केव्हाच झोपली. उद्या ते ओठ हलतील का?