खिळ्यावरचा बिल्ला

६ जानेवारी, सोमवार

लागली बाई एकदाची नोकरी! यवतमाळहून आणलेलं सामान वाडीच्या खोलीत टाकलं, तर्री-पोहे हाणले आणि स्कूटीनं थेट हिंगण्याला. कंपनी छोटीशी, पण शेडमध्ये खोलीएवढी पोलादी टाकी, आणि तिच्यात क्षणभर पेटणारा प्लाझ्मा, म्हणजे तापून उजळलेला वायू! माझं काम त्याच्या काठावरचं. भिंतीचा मळ सुटून प्लाझ्मात शिरला की काठाशी उजळतो. टाकीच्या काचेच्या खिडकीतून तो प्रकाश टिपायचा आणि त्याच्या रेषांवरून ओळखायचं, हा कार्बन, हे लोखंड. अशुद्धीला इथं सगळे मळच म्हणतात. आल्या आल्या आवराआवर केली. टाकीच्या दाराशी खिळ्यावर कुण्या पायलचा जुना बिल्ला लटकत होता, तोही काढून ड्रॉवरमध्ये टाकला. माझा नवाकोरा, नाव लिहिलेला बिल्ला दोरीनं गळ्यात. आमचे साहेब विहंग सर हसून म्हणाले, घरच समज, रितिका.

८ जानेवारी

आज कॅल्शियमची रेषा आली. टाकीत कॅल्शियम नाहीच, मग आलं कुठून? पुन्हा दहा शॉट घेतले, म्हणजे दहादा प्लाझ्मा पेटवला. दर शॉटला रेषा आणखी ठळक, आणि उजेड काठावरून खिडकीकडे सरकलेला. सर म्हणाले, नवीन आहेस, काच नीट पुसली नसशील. डोकंच फिरलं माझं. तीनदा पुसली होती!

९ जानेवारी

जुने तंत्रज्ञ रुपरावभाऊ यांना रेषा दाखवली. ते रेषेकडे नाही, खिळ्याकडे बघत राहिले.

"बिल्ला काहून काढला वं बाई?"

जुना होता म्हणून, मी म्हटलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. टाकीत जाणारा आपला बिल्ला खिळ्यावर लावतो. बिल्ला आहे तोवर माणूस आत, दार लावायचं नाही. काढला म्हणजे बाहेर आला. माझ्या आधीची पायल मागच्या वर्षी आत भिंत पुसत होती. पाहुणे यायचे होते, सरांना घाई. त्यांनीच बिल्ला काढला, दार लावलं, टाकीतली हवा खेचणारा पंप सुरू केला. पायल आतच गुदमरून गेली. कागदावर मात्र लिहिलं, पायलच बिल्ला लावायला विसरली. भाऊंनी पाहिलं होतं, नोकरीपायी गप्प बसले. नंतर तिचा बिल्ला त्यांनीच परत लावला.

"आत होती तोवर बरं होतं. तू तिले बाहेर काढलं."

कॅल्शियम हाडांत असतं. हे मला कालच सुचायला हवं होतं.

१० जानेवारी

बिल्ला परत लावला. जेवून आले तर खाली पडलेला. उजेड काचेला टेकलाय, आणि आज एकही शॉट घेतलेला नाही.

भीती वाटतेय, पण संताप जास्त. मेलेल्या पोरीवर खापर फोडलं या सरानं! तिला सूड हवाय ना, मग घेऊ दे. सोमवारी सरांना म्हणणार, काच आतून तुम्हीच पुसून दाखवा.

१३ जानेवारी, दुपारी

सर आत गेले. स्वतःचा बिल्ला मात्र आठवणीनं लावला. मी खिळ्यापाशीच उभी. हात शिवशिवत होते, पण बिल्ल्याला बोटही लावलं नाही, आईशप्पथ. तो आपोआप पडला. दार लागलं. पंप सुरू झाला — बटणाजवळ कुणीच नव्हतं. भाऊ माणसं आणायला धावले. आतून ठोकणं.

बरं झालं, असं आलं मनात. आलंच.

थोड्या वेळानं

ठोकणं थांबलं. रेषा तशीच. तिचं भागलं नाही —

बिल्ला दोघांनी काढला होता. एकदा सरांनी. आणि एकदा — मले माहीत नव्हतं वं पायल, खरंच नव्हतं —

गळ्यातली दोरी रिकामी.

खिळ्यावर बिल्ला आहे. रितिका लिहिलंय. पण मी तर बाहेर —