आईला कुणी विचारलं नाही

आबा,

भंते म्हणायला हवं, पण ते माझ्या तोंडून तुम्ही जिवंत असतानाही निघालं नव्हतं. आता तर तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली. लांबच्या कुठल्याशा विहारात तुम्ही वारलात आणि अंत्यविधी उरकल्यावर आम्हाला फोन आला. फोन करणारा ओशाळून म्हणाला, "घरच्यांना कळवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही." येणार कसं? घर होतं हे तुमच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

सिल्वासातल्या आपल्या विहारात श्रामणेर शिबिर झालं तेव्हा मी सातवीत होते. धुळ्याकडून येऊन इथल्या कंपन्यांत लागलेल्या लोकांनीच विहार बांधलेला, त्यामुळे शिबिरात सगळे ओळखीचे. सुट्टी काढायची, डोकं भादरायचं, चीवर घालून थोडे दिवस भिक्षूसारखं राहायचं आणि समारोपाला चीवर उतरवून पुन्हा शिफ्टला जायचं, असा रिवाज. बाकीच्यांनी उतरवलं, तुम्ही नाही. आई तुमचे पँट-शर्ट इस्त्री करून पिशवीत घेऊन आली होती, ती पिशवी तशीच परत आली. मग गलोंडा गावातल्या तुमच्या कंपनीतला सुपरवायझर दारात उभा. "भाभी, सेठ पूछ रहे हैं, छुट्टी पे है कि काम छोड़ दिया?" आई म्हणाली, "मालूम नहीं, भैया." तिला खरंच माहीत नव्हतं.

पुढे तुमची उपसंपदा झाली, म्हणजे कायमची दीक्षा. संघासमोर उभं करून विचारतात: कुठला आजार आहे का? राजाच्या चाकरीत आहेस का? आईवडिलांची अनुमती आहे का? त्यासाठी गावाहून आजीला आणलं होतं. "जाऊ द्या त्याले. चांगल्या मार्गाले चालला, मी कशाला नाही म्हणू माय," म्हणत ती डोळे पुसत बसली. आई तिच्या शेजारीच, पांढऱ्या साडीत, हात जोडून. मी वाट बघतेय, आता हिला विचारतील. पुढचा प्रश्न आला, पात्र आणि चीवर पूर्ण आहेत का? भांडं आहे का ते विचारलं, बायको आहे का ते नाही.

नंतर एकदा तुम्ही भोजनदानाला आलात, आपल्याच खोलीत. बाराच्या आत तुमचं जेवण व्हायला हवं म्हणून आई पहाटेपासून राबतेय. शेवभाजी केलीय, तुम्हाला आवडायची तशी तिखटजाळ. तुम्ही खाटेवर बसलात आणि तिने तुमच्यासमोर जमिनीला डोकं टेकवलं. मी वाढताना विचारलं, "आबा, अजून भाजी?" तुमच्याबरोबरचे भंते हसून म्हणाले, "बेटा, आता आबा नाही, भंते म्हणायचं." तुम्ही पात्रातून मान वर केली नाहीत. जाताना आईला म्हणालात, "उपासिके, सुखी राहा." लग्नाची बायको, उपासिका! तिने दार लावलं आणि उरलेली भाजी पातेल्यासकट शेजारणीला देऊन टाकली. मग ती धाग्याच्या कंपनीत लागली आणि त्यावर मला शिकवलं. धम्मावर माझा राग नाही, दर पौर्णिमेला मी विहारात जाते. राग तुमच्यावर आहे आणि तो निवायचं नाव घेत नाही.

गेल्या रविवारी माझा मुलगा विहारातल्या भंतेंना घेऊन घरी आला. विशी ओलांडलीय, कमावतो, लग्न झालेलं नाही, कुणाला वाऱ्यावर सोडून चाललेला नाही. "मम्मी, मला कायमची दीक्षा घ्यायचीय. तुमची दोघांची परमिशन लागते." त्याचे वडील म्हणाले, "आई म्हणेल तसं." भंते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, मनात असेल ते बोला. तुम्ही नाही म्हटलंत तर आम्ही याला घेणार नाही." असं आपल्या घरात कुणी विचारावं, याच्यासाठी माझा जन्म गेला. मी नाही म्हटलं.

का, म्हणून मुलाने विचारलं. मी आमच्या म्हातारपणाचं, दुखण्याखुपण्याचं काहीबाही सांगितलं. तो वाद घालत बसला नाही, सकाळी डबा घेऊन कामाला गेला. त्याला खरं सांगायची हिंमत नाही, आणि हे पत्र कुठे जाणारही नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्याच्यात खोट काढावी असं काही नाही. तुमच्यापेक्षा तो कितीतरी चांगला भिक्षू होईल. पण निघालेल्या माणसाला अडवता येतं हे मला पहिल्यांदाच कळलं, आणि ते मला आवडलं.