टेबलाखालचं कोहळं

पोखरणच्या पुढे, जिल्हा जैसलमेर
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

प्रिय पप्पा,

सलाम. आधी चष्मा शोधा. तो फ्रिजवर असेल. पत्र मम्मीला वाचायला देऊ नका, ती अर्ध्यातच रडते आणि पुढचं राहून जातं. घरात फोन असताना पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. कारण तुम्हीच आहात. फोनवर सोनिका ताईचं नाव निघालं की तुम्ही "घे, तुझ्या मम्मीशी बोल" म्हणून मोकळे होता. कागद असा दुसऱ्याच्या कानाला लावून देता येत नाही. शिवाय छापलेलं, लिहिलेलं काहीही हातात आलं की तुम्ही ते शेवटपर्यंत वाचता, औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा. दवाखान्यातली कंपाउंडरकी सुटली तरी ती सवय सुटलेली नाही. म्हणून हे आता बसून लिहून राहिलो आहे. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, लाल पेन्सिल घेऊ नका.

मी ठीक आहे. जेवण बरं आहे, पाणी टँकरचं आहे, आंघोळ एक दिवसाआड. कामाचं सांगतो, तुम्हाला हसू येईल. पवनचक्की वाऱ्यासाठी असते, पण वारा असला की ती उभी करता येत नाही. क्रेनला पातं लटकलेलं असताना झुळूक मोठी झाली तर ते पातं खालची माणसं झाडून नेईल. म्हणून आम्ही सगळे वारा पडायची वाट बघत कंटेनरच्या सावलीत बसून असतो. आणि त्यात मी, ज्याला एका जागी बसवलं की अंगात मुंग्या येतात. आठवीच्या वर्गातून उठलो तो पुन्हा बाकावर बसलोच नाही. कोराडीला राखेच्या ट्रकवर क्लीनर, मग रायपूर, मग मुंद्रा, मग हे. "याच्या बुडाले चाकं आहेत," असं तुम्ही सगळ्या मंडळीत सांगत फिरायचे. ती चाकं इथल्या रेतीत रुतली बघा.

बसून बसून करायचं काय, तर मी वाचायला लागलो. तुम्ही ट्रंकेत घातलेलं शास्त्र, आपलं घरचं बायबल, मी तेव्हा म्हटलं होतं की उगाच वजन. शाळेनं मला काही शिकवलं नाही, पण रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या चटईवर तुमचं बोट ज्या ओळीखालून सरकायचं, त्या बोटामागे मी वाचायला शिकलो. अजून वाचताना मला ते बोट दिसतं, नखाला टिंक्चरचा डाग असलेलं. माझ्या शेजारी ताई बसायची.

लहानपणी ती माझा दादा होती. तिचं जुनं नाव मी इथे लिहीत नाही. तिनं मनाई केलेली नाही, पण आता माझ्या हातून ते उतरत नाही. तुमच्या तोंडी तेच असतं, मला माहीत आहे, आणि ते नाव तुम्ही किती हौसेनं ठेवलं होतं हेही माहीत आहे. रविवारच्या शब्बाथ शाळेत वचन पाठ होत नव्हतं तेव्हा तिनं मला टाळीवर शिकवलं. एक शब्द, एक टाळी. मला बक्षीस मिळालं आणि ती माझ्यापेक्षा जोरात नाचली, तेव्हा तुम्ही हसले होते. नंतर तसं नाचलं की हसायचं थांबले. मग ती घरातून गेली. आता त्याच टाळ्या तिकडे नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात दुकानादुकानापुढे वाजतात, आणि तुम्ही सदरला जायला सुद्धा असा रस्ता धरता की जरीपटका लागूच नये.

मागच्या वर्षीच्या हार्वेस्टचं, त्या सुगीच्या सणाचं, मला तिनंच सांगितलं, फोनवर, हसत हसत. उपासना सुरू झाल्यावर ती चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसली, हिरवी साडी, डोक्यावर पदर. सगळ्यांनी आपापलं अर्पण वेदीपुढच्या टेबलावर ठेवलं, कोणाचे लिंबू, कोणाचा केक, मधुसूदन काकांची ती दरवर्षीची कोंबडी. तिनं तिच्या पत्र्याच्या छतावर वाढवलेलं कोहळं ठेवलं. उपासना झाली, लिलाव सुरू झाला, आणि बोली बोलायला अर्थात तुम्ही. पप्पा, तुमच्यासारखी बोली नागपुरात कोणाला जमत नाही. "हे अंडं नुसतं अंडं नाही गा, उद्या कोंबडी होते, परवा दुकान टाकता!" म्हणून तुम्ही एक अंडं भाजीच्या टोपलीपेक्षा महाग विकता, आणि घेणारा खूश होऊन ते देवाच्या कामाला गेलं म्हणत घरी जातो. त्या दिवशी तुमच्या हातात कोहळं आलं. ते कोणाचं, सगळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही ते उचललं, तोंड उघडलं आणि काही बोललेच नाही. पुढच्या बाकावरून कोणी बोलीही लावली नाही. मग तुम्ही "हे राहू द्या सध्या" म्हणून ते टेबलाखाली ठेवलं आणि केक उचलला. ताई चहाला थांबली नाही. मला म्हणाली, "हर्षित, पप्पाची बोली पहिल्यांदा फसली रे. मले तर त्याहीचीच दया आली." हे सांगताना ती हसत होती, पण ते हसणं जरा जास्तच लांबलं.

मी त्या दिवशी तुमच्यावर खूप रागावलो होतो. म्हणून नाताळात फोन लहान केला. तुम्हाला ते कळलं असेल.

तर सांगत होतो वाचायचं. त्या वाळवंटातल्या रस्त्यावरच्या अधिकाऱ्याची गोष्ट तुम्ही आम्हाला कितीतरी वेळा वाचून दाखवली आहे. हबशी राणीचा खजिनदार, यरुशलेमेला भजन करायला गेला, परतताना रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. मला लहानपणापासून तो "अधिकारी" म्हणूनच माहीत. इथे माझं मी वाचलं तेव्हा त्या ओळीत आणखी एक शब्द सापडला. तो षंढ होता. पप्पा, तुम्ही दरवेळी तो शब्द गाळून पुढे जायचे. आमच्यासमोर कसा वाचायचा म्हणून लाजले असाल, त्यात काही नाही. पण ताई शेजारी बसलेली असायची. शास्त्रात तिच्यासारखं कोणी आहे, आणि देवानं त्याच्यासाठी एका माणसाला, फिलिप्पाला, मुद्दाम वाळवंटात धाडलं, हे तिला त्या चटईवर कळलं असतं तर काय झालं असतं, याचा मी फार विचार करतो.

मी रस्ता बघतो ना इथे रोज. दोन्ही बाजूला रेती, मध्ये डांबर, लांबून गाडी येते ती आधी पाण्यासारखी हलताना दिसते. तसाच रस्ता असणार. तो माणूस एवढ्या लांबून देवाच्या घरी गेला, आणि मोशेच्या नियमात तर स्पष्ट होतं की अशा माणसानं मंडळीत यायचं नाही. म्हणजे त्याला बाहेरूनच परत पाठवलं असेल. मी असतो तर ते पुस्तक रथाखाली टाकलं असतं. तो वाचत राहिला. आणि जिथे तो अडला होता तिथून थोडंच पुढे, त्याच पुस्तकात, देव अशाच माणसांना म्हणतो की माझ्या घरात तुम्हाला मुलगे-मुलींपेक्षा चांगलं नाव देईन. ते त्याच्या मांडीवरच होतं, फक्त तिथवर तो पोचला नव्हता.

तुमची बाजू मला कळते. तुम्ही म्हणता, देवानं नर आणि नारी केली, तिसरं लिहिलेलं नाही. हे म्हणताना तुम्ही रागात नसता, घाबरलेले असता, हेही मला आता कळतं. मी वाद घालत नाही. माझी अक्कल तेवढी नाही, आणि ज्यांची आहे त्या दोन पाळकांना विचारलं तर दोघांचं एकमेकांशी पटलं नाही. मला एवढंच दिसतं की फिलिप्प धावत रथापाशी गेला, वर चढला आणि त्याच्या शेजारी बसला. समजावणं नंतर. मंडळीच्या पंचकमिटीची मीटिंग लावली नाही, तू असा कसा, असं विचारलं नाही. आणि पाणी दिसल्यावर त्या माणसानंच विचारलं की मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे. त्या वाळवंटात त्याला अडचण सांगायला फिलिप्पाशिवाय कोणी नव्हतं, आणि फिलिप्पाला एकही सापडली नाही.

आता एक चुगली. मम्मीवर रागावू नका, तिच्या पोटात कोणतीही गोष्ट फार टिकत नाही हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे. मागच्या आठवड्यात तुमची सून लतिका फोनवर म्हणाली की पप्पा रोज सकाळी आमच्या बाळाला कडेवर घेऊन गच्चीच्या वेलाला पाणी घालून राहिले, कोणाला हात लावू देत नाहीत, मनीषनगरात एवढा मोठा वेल कोणाकडेच नाही. मी विचारलं, कशाचा वेल. तर मागून मम्मी बोलली. सगळंच बोलली. त्या हार्वेस्टला सगळे गेल्यावर तुम्ही अर्पणाच्या पेटीत तुमच्या खिशातले पैसे टाकले आणि ते कोहळं स्कूटीच्या डिकीत मावेना म्हणून पुढे पायाशी ठेवून घरी आणलं. कपाटावर ठेवलं. मम्मीनं भाजीला मागितलं तर "पडलं राहू दे" म्हणाले. कितीतरी दिवस ते तिथे बसून तुमच्याकडे बघत राहिलं. मग एका जागी मऊ पडायला लागलं तेव्हा तुम्ही स्वतः कापलं, मम्मीकडून गूळ घालून बोंडं तळून घेतली, आणि तेल फार झालं, गूळ कमी झाला, असं काहीबाही बोलत एकटेच सगळी खाऊन बसले. बिया धुऊन वर्तमानपत्रावर वाळवल्या. जूनमध्ये लावल्या. लतिकेचं बाळंतपण आणि तुमचा वेल, दोन्ही एकदमच.

पप्पा, हे ऐकलं तेव्हा मी कंटेनरच्या मागे जाऊन बराच वेळ उभा राहिलो. वर्षभर मी तुमच्यावर रागावून होतो आणि तुम्ही तिच्या बियांना पाणी घालत होते. पण तिला हे माहीत नाही. तिला टेबलाखालचंच माहीत आहे. मी सांगितलं नाही, ते माझं काम नाही.

आता पत्राचं कारण. बाळाचा बाप्तिस्मा नोव्हेंबरात हार्वेस्टच्याच रविवारी करायचा, मी सुट्टी मंजूर करून घेतली आहे. पाण्यापाशी बाळाला हातात घेणारी धर्ममाता सोनिका ताई व्हावी असं माझ्या आणि लतिकेच्या मनात आहे. पाळकांशी बोललो. ते म्हणाले, तिचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण इथेच झालं आहे, माझ्याकडून काही अडत नाही, पण कमिटी विचारेल आणि सगळे तुझ्या पप्पांच्या तोंडाकडे पाहतील. ताईला विचारलं. तिनं आधी बाळाचं वजन विचारलं. मग म्हणाली, "पप्पाले विचारून बोलावशील तर येईन. चोरून नाही येत." म्हणजे सगळं तुमच्यापाशी येऊन थांबलं. तुम्ही नाही म्हटलं तर मी भांडणार नाही, दुसरी धर्ममाताही शोधणार नाही, बाळाला तसंच कडेवर घेऊन थांबेन, तुम्ही तयार होईपर्यंत. मला आता वाट बघता येते, इथे शिकलो. पण हो म्हणणार असाल तर फोनवर मला सांगू नका. वेलावरचं एक चांगलं कोहळं तोडा, स्कूटी काढा आणि जरीपटक्याला जा. ते कोणत्या बियांचं आहे हे तिला तुम्हीच सांगा. हार्वेस्टला येताना मागच्या सीटवर तिला बसवून आणा, कोहळं तिच्या मांडीवर द्या, आणि मंडळीच्या फाटकातून सगळ्यांदेखत आत या. लिलावात मी बोली लावीन, तुम्ही फक्त ते दोन्ही हातांनी उंच धरा. आणि बाळासाठी तुम्ही नावं काढून ठेवली आहेत हे लतिकेनं सांगितलं, ती तुमच्याचजवळ राहू द्या. पाण्यापाशी पाळक विचारतील, या बाळाचं नाव सांगा, तेव्हा ते ताई सांगेल. ती सांगेल तेच नाव राहील. वारा पडला आहे, क्रेनवाला हाका मारतो आहे, जातो.

तुमचाच, चाकं रुतलेला,
हर्षित